एक कोटीचा फंड, आशियाची वाढ आणि पैसे परत येण्याची वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आयटीत 18 वर्षं नोकरी, ईसॉप (कंपनीने नोकरीत दिलेले शेअर्स) विकून हातात साधारण 3 कोटी, मुलगी अकरावीत. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने प्रायव्हेट इक्विटी (शेअर बाजाराबाहेरच्या कंपन्यांत हिस्सा) आणि व्हेंचर कॅपिटलचा (नव्या कंपन्यांत सुरुवातीचा पैसा) एक फंड सुचवलाय, किमान रक्कम 1 कोटी. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘आशियाच्या वाढीत भागीदार व्हा’ आणि त्याखाली 25 टक्के आयआरआर, म्हणजे वर्षाला पडणारा परतावा. घालावेत का? आणि आशियात एवढी वाढ आहे, तर या फंडांत पैसे घातलेले लोक कुरकुर का करतात?

मी या धंद्यात 22 वर्षं आहे. आधी मुंबई, मधली काही वर्षं सिंगापूर, मग पुन्हा मुंबई. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: तुमच्या परिस्थितीत 1 कोटी घालू नका. कारण मात्र नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी असा कागद समोर आला तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आशियात कंपन्या वाढतात, यात खोटं काही नाही. पण उभं पीक वेगळं आणि खळ्यावरून घरात आलेली पोती वेगळी. फंड दर तिमाहीला जे मूल्य कळवतो ते उभं पीक. वाटप होऊन तुमच्या खात्यात जे जमा होतं ती पोती. आमच्या भाषेत या दुसऱ्या आकड्याला डीपीआय म्हणतात: घातलेल्या प्रत्येक रुपयामागे आजवर किती रुपये रोखीने परत आले. तो 1 व्हायला आशियातल्या फंडांना फार वेळ लागतो, आणि सगळी कुरकुर तिथूनच सुरू होते.

2006 सालची गोष्ट. सांगलीकडच्या एका कारखानदाराच्या कंपनीत आम्ही पैसे घालत होतो. करारावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरी जेवायला बोलावलं. पानं उठल्यावर त्यांच्या आई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “लेका, हे पैसं परत कवा मागनार?” तीन महिने वकील, सीए, सल्लागार सगळे टेबलाभोवती बसले होते, पण हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. करारात लिहिलं होतं, पाच वर्षांत आयपीओ, म्हणजे कंपनीचे शेअर्स बाजारात आणायचे. मुलगा त्यांना म्हणाला, “आई, हे कर्ज न्हाई, भागीदारी हाय.” त्यावर त्या म्हणाल्या, “भागीदार बी कवातरी वाटा मागतोच की.”

जानेवारी 2008 मध्ये बाजार कोसळला आणि आयपीओचं दार बंद झालं. कंपनी चांगली होती, नफा वाढत होता, पण आमचा हिस्सा घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी 2014 मध्ये कारखानदारांनीच बँकेच्या मदतीने तो परत घेतला. आठ वर्षांत आमचे रुपये 2.2 पट झाले, म्हणजे वर्षाला 10 टक्क्यांच्या थोडं वर. पण आमच्या फंडातला पैसा परदेशी होता. आत येताना डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, बाहेर पडताना 61. त्या परदेशी गुंतवणूकदारांच्या डॉलरच्या हिशेबाने 2.2 पटीचे 1.6 पटच झाले, वर्षाला जेमतेम 6 टक्के. आता सांगा, ही गुंतवणूक चांगली की वाईट? कंपनी चांगली, माणसं चांगली, निकाल सुमार.

वेळ काय करते ते साध्या आकड्यांत बघा. पैसे 5 वर्षांत दुप्पट झाले तर वर्षाला जवळपास 15 टक्के पडतात. तेच दुप्पट व्हायला 10 वर्षं लागली तर 7 टक्क्यांच्या जरा वर. कंपनी तीच, किंमत तीच. फरक बाहेर पडण्याच्या तारखेचा.

आणि बाहेर पडण्याची तारीख आशियात पुष्कळदा गुंतवणूकदाराच्या हातात नसते. दक्षिण कोरियातलं एक प्रकरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. लोन स्टार या अमेरिकी फंडाने 2003 मध्ये कोरिया एक्स्चेंज बँकेतला निर्णायक हिस्सा घेतला. 2006 मध्ये कूकमिन बँकेला विकायचं ठरलं, ते फिसकटलं. मग एचएसबीसीशी करार झाला, तोही 2008 च्या सप्टेंबरात एचएसबीसीने सोडून दिला. दरम्यान चौकश्या, खटले, ‘परदेशी लोक आमची बँक स्वस्तात घेऊन पळतायत’ असा जनक्षोभ. शेवटी 2012 मध्ये हाना समूहाने हिस्सा घेतला. गिऱ्हाईक मिळाल्यावरही दाराबाहेर पडायला सहा वर्षं. त्याच देशात त्याआधी न्यूब्रिज कॅपिटलने 1999 मध्ये कोरिया फर्स्ट बँक घेतली होती आणि 2005 मध्ये ती स्टँडर्ड चार्टर्डने 3.3 अब्ज डॉलरना घेतली. एकच देश, एकच धंदा, दोन्ही खरेदीदार परदेशी. पण एकाला बाहेर पडताना वारा पाठीशी होता, दुसऱ्याला समोरून.

चीनमध्ये तर सरकारच्या एका पत्रकाने अख्खं क्षेत्र झोपलं. जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या नफ्यासाठी चालवायला आणि त्यासाठी शेअर बाजारातून भांडवल उभारायला बंदी आली. ज्या कंपन्यांवर जगभरच्या फंडांनी अब्जावधी डॉलर लावले होते, त्यांचं मूल्य काही दिवसांत धुऊन निघालं. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये अँट ग्रुप या पेमेंट कंपनीचा आयपीओ बाजारात नोंदणीच्या दोन दिवस आधी थांबवला गेला. त्या काळात माझे सिंगापुरातले जुने सहकारी रात्रीबेरात्री फोन करत. त्यांच्या बोलण्यात कंपन्यांबद्दल तक्रार नसायची, ‘आता हे विकायचं कुणाला’ एवढंच असायचं. 2023 मध्ये सिकोया या अमेरिकी व्हेंचर कॅपिटल कंपनीने आपल्या घराचे तीन भाग केले, चीनचं काम हाँगशान नावाने वेगळं आणि भारत-आग्नेय आशियाचं पीक एक्सव्ही नावाने वेगळं. एका छपराखाली सगळा आशिया ही कल्पना किती अवघड झालीय, ते त्यावरून कळतं.

म्हणून ‘आशियाची वाढ’ हे शब्द मला खटकतात. जपानमध्ये वाढ फारशी नाही, पण कर्ज स्वस्त आहे, मालक म्हातारे झालेत, वारस नाहीत आणि मोठ्या कंपन्या आपले विभाग विकायला तयार आहेत. तोशिबासारखी कंपनी 2023 च्या अखेरीस शेअर बाजारातून बाहेर पडून एका जपानी फंडाकडे गेली. तिथे वाढीविना पैसा होतो. इंडोनेशियात वाढ आहे, लोकसंख्या तरुण आहे, पण गोजेक आणि टोकोपीडिया या तिथल्या ऑनलाइन सेवा कंपन्या मिळून झालेली गोटो एप्रिल 2022 मध्ये 338 रुपियाला बाजारात आली आणि पुढे 100 च्या खाली घसरली. वाढ आणि परतावा यांची सांगड आपोआप बसत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या माहितीपत्रकाबद्दल. सेबीकडे नोंदलेला एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड, असे फंड याच प्रकारात मोडतात) असेल तर तो मुख्यतः भारतातच गुंतवणूक करतो. सेबीच्या परवानगीने गुंतवणूकयोग्य रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंतच परदेशात जाता येतं. म्हणजे पहिल्या पानावरचा आशिया आतल्या पानांवर बहुधा बंगळूर, गुरुग्राम आणि मुंबई एवढाच उरतो. तसं असेल तर हरकत नाही, पण मग भारताबद्दल बोलू या.

भारतात प्रायव्हेट इक्विटीचा स्वभाव पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलाय तसा नाही. तिकडे फंड कर्ज काढून अख्खी कंपनी विकत घेतो. आपल्याकडे शेअर्स घेण्यासाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना वर्षानुवर्षं बंधनं घातली. शिवाय चांगला धंदा अख्खा विकणारे मालक कमी. त्यामुळे इथला बहुतेक पैसा 10, 20, 30 टक्के हिस्सा घेऊन प्रमोटरच्या, म्हणजे मूळ मालकाच्या, शेजारी बसतो. स्टिअरिंग त्याच्या हातात, आपण बाजूच्या सीटवर. करारात माहितीचा हक्क, महत्त्वाच्या निर्णयांवर नकाराचा हक्क, टॅग अलाँग (तो विकेल तेव्हा आपलाही हिस्सा विकण्याचा हक्क), ड्रॅग अलाँग (आपण विकताना त्यालाही विकायला लावण्याचा हक्क) सगळं असतं. पण न मानणाऱ्या प्रमोटरवर ड्रॅग अलाँग बजावायला गेलात की लवादात पाच वर्षं जातात, आणि तोवर कंपनीतला जीव निघून जातो. मी कागदापेक्षा माणूस जास्त बघतो, तो याच कारणाने.

माणूस बघायचा म्हणजे गोड बोलतो का ते बघायचं नाही. कोल्हापूर भागातली एक फाउंड्री आम्ही तपासत होतो. महिन्याला 500 टन कास्टिंग विकतो, असं पुस्तकं सांगत होती. इनव्हॉइस होती, बँकेत पैसे आलेले दिसत होते, ऑडिटरची सही होती. आमच्यातला एक म्हातारा इंजिनिअर दुपारी भट्टीपाशी जाऊन उभा राहिला, मग ऑफिसात येऊन त्याने फक्त लाईट बिलं मागितली. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. ओतलेल्या धातूतला बराच भाग रनर-रायझरमध्ये (साच्यातल्या धातूच्या वाटांमध्ये) जातो आणि पुन्हा भट्टीत येतो, म्हणजे 500 टन विकायला साधारण 750 टन वितळवावं लागतं. झाले साडेचार लाख युनिट, नुसत्या भट्टीचे. बिल होतं 2 लाख 60 हजार युनिटांचं, अख्ख्या कारखान्याचं. उरलेला माल मेहुण्याच्या फर्मकडून कागदावर येऊन कागदावरच पुढे जात होता. आम्ही त्याच संध्याकाळी गाडी काढली. परतीच्या वाटेत कागलजवळ चहाला थांबलो, तेव्हा त्या इंजिनिअरने सांगितलेलं वाक्य मी नंतर प्रत्येक नवीन मुलाला सांगितलंय: “ताळेबंद माणूस लिहितो, मीटर आपला आपण फिरतो.”

हे सांगण्याचं कारण, तुम्ही ज्या फंडाला पैसे देणार तिथे भट्टीपाशी जाऊन उभं राहणारी माणसं आहेत का, हे तुम्ही विचारायला हवं. 2021 च्या तेजीत कितीतरी ठिकाणी दोन झूम कॉल आणि एका एक्सेलवर टर्मशीट (सौद्याच्या अटींचा कागद) दिली गेली. ते पैसे अजून अडकलेत.

व्हेंचर कॅपिटलचं गणित आणखी निराळं. तिथे 20 कंपन्यांतल्या बऱ्याच बुडणार हे धरूनच चालायचं, एखाद-दुसरी अख्खा फंड परत करते. नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजने 2010 मध्ये झोमॅटोत पहिल्यांदा घातले ते 4.7 कोटी रुपये. आयपीओ आला 2021 मध्ये, 76 रुपयांनी. वर्षभरात शेअर 40 च्या घरात आला होता, तेव्हा ‘बघा, फुगा फुटला’ म्हणणारे पुष्कळ होते. पुढे तो सावरला आणि बराच वर गेला. अशी कंपनी ज्या फंडात नाही, त्या फंडातल्या बाकीच्या एकोणीस कंपन्या कितीही कष्टाळू असल्या तरी गुंतवणूकदाराच्या हाती फार काही पडत नाही. म्हणून व्हेंचर फंडांची सरासरी बघून ठरवणं म्हणजे नदीची सरासरी खोली बघून पाण्यात उतरणं.

भारतात बाहेर पडता येतं हे जगाला पटलं ते वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी फंडाच्या भारतीतल्या (एअरटेलमधल्या) गुंतवणुकीने. 1999 ते 2001 च्या दरम्यान सुमारे 30 कोटी डॉलर घातले, आणि 2004-05 मध्ये टप्प्याटप्प्याने विकून दीड अब्ज डॉलरहून जास्त नेले. मार्च 2005 मध्ये तर 56 कोटी डॉलरचे शेअर्स अर्ध्या तासात बाजाराने उचलले. मी तेव्हा या धंद्यात नवा होतो. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी काम केलं नाही, सगळे स्क्रीनभोवती. आज आपला शेअर बाजार त्याहून कितीतरी खोल झालाय, आणि आशियात या बाबतीत भारताची बाजू बळकट आहे हे मी मनापासून मानतो. तुमच्या पुण्याचीच दोन उदाहरणं घ्या. पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीत 2005 मध्ये नॉर्वेस्ट आणि गॅब्रिएल हे फंड आले, मार्च 2010 मध्ये 310 रुपयांनी आयपीओ झाला. एमक्युअर या औषध कंपनीत 2006 मध्ये ब्लॅकस्टोन हा फंड आला, पुढे त्याच्या जागी बेन कॅपिटल आला, आणि कंपनी बाजारात आली ती थेट जुलै 2024 मध्ये. पहिल्यात पाच वर्षांत दार उघडलं. दुसऱ्यात एका फंडाने दुसऱ्याला जागा दिली आणि त्या दुसऱ्याने दहा वर्षं धीर धरला.

धीर धरणारा पैसा वेगळाच असतो, आणि त्याबद्दल मला फार आस्था आहे. नाशिकजवळ मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने 2022 मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये घेतले. शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर्स कायद्याने उत्पादकांकडेच राहतात, म्हणून पैसा आला तो काढणीनंतरची प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत, आणि मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. द्राक्षाची बाग लावल्यापासून पीक हाती यायला किती हंगाम जातात हे ज्याला कळतं, त्यानेच तिथे पैसा घालावा. पाच वर्षांत दुप्पट मागणारा फंड तिथे गेला असता तर दोघांचंही नुकसान झालं असतं.

आता तुमच्या खिशाकडे येऊ. तुम्ही 1 कोटी कबूल केलेत म्हणजे सगळे लगेच जात नाहीत. तीन-चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मागणी येते, नोटीस बहुधा दहा-पंधरा दिवसांची. चुकलात तर व्याज, आणि बऱ्याच करारांत युनिट जप्त करण्याची तरतूद असते. म्हणजे तो पैसा तुम्हाला एफडीत किंवा लिक्विड फंडात तयार ठेवावा लागतो, आणि माहितीपत्रकातला आयआरआर या थांबलेल्या पैशाचा हिशेब धरत नाही.

फी साधारण 2 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे कोटीमागे वर्षाला 2 लाख 36 हजार. फी पुढे कमी होत गेली तरी फंडाच्या आयुष्यात फी आणि खर्च मिळून 15 लाख गेले असं धरा. कामाला लागले 85 लाख. नफ्यातले 20 टक्के व्यवस्थापकाचे. तुम्हाला 1 कोटीचे 2 कोटी हवे असतील तर त्या 85 लाखांचे सव्वादोन कोटी व्हावे लागतात. अडीचपटीहूनही जास्त. तेही कर कापायच्या आधी. असे फंड आहेत, पण थोडे आहेत. आणि ज्यांनी हे आधी करून दाखवलंय, त्यांच्या दारात संस्थात्मक गुंतवणूकदारांची रांग असते. त्यांचा फंड रिलेशनशिप मॅनेजरला फोन करून खपवावा लागतो, असं मी क्वचितच पाहिलंय.

मुलगी अकरावीत आहे, म्हणजे शिक्षणाचा मोठा खर्च पुढच्या दोन ते सहा वर्षांत. फंडाची मुदत 8 वर्षं लिहिली असेल तर 10 धरा, कारण रकमेच्या दोन तृतीयांश गुंतवणूकदारांनी होकार दिला की मुदत आणखी दोन वर्षं वाढवता येते. तुमच्या पैशाचा तिसरा हिस्सा नेमका गरजेच्या काळात कुलपात. माझ्या धाकट्या भावाने हाच प्रश्न विचारला होता, त्यालाही नाहीच म्हटलं. पुढे कधी हाताशी 10-12 कोटी असतील आणि त्यातला 1 कोटी विसरून जाता येईल, तेव्हा जरूर बघा.

तरीही मन ओढत असेल तर त्या मॅनेजरला फोन करून फंड चालवणाऱ्या माणसाशी अर्धा तास मागा. विक्री करणाऱ्याशी बोलून काही हाती लागणार नाही. त्याला विचारा, याआधीच्या फंडाचा डीपीआय आज किती आहे आणि तो फंड कितव्या वर्षात आहे. सातव्या वर्षीही तो 0.3 किंवा 0.4 असेल, तर पहिल्या पानावरचा 25 टक्के आयआरआर हा उभ्या पिकाचा आकडा आहे हे ओळखा. ज्यांनी ते आधीचे चांगले सौदे केले ती माणसं अजून तिथेच आहेत का, हेही विचारा. आमच्या धंद्यात नाव कंपनीचं राहतं आणि हात निघून जातात. प्रायोजकाने, म्हणजे फंड उभारणाऱ्याने, स्वतःचे किती घातलेत? सेबीचा किमान नियम फंडाच्या 2.5 टक्के किंवा 5 कोटी, यातलं जे कमी असेल ते. नुसतं किमान घालून थांबलेल्या माणसाकडे मी पुन्हा एकदा नीट बघतो.

विकले गेलेले सौदे कुणी घेतले, हे तर नक्कीच विचारा. आयपीओतून गेले, दुसऱ्या कंपनीने घेतले, की त्याच व्यवस्थापकाच्या नव्या फंडाने? शेवटचा प्रकार आता जगभर वाढतोय. ब्लॅकस्टोनने 2021 मध्ये एम्फसिस या आयटी कंपनीतला हिस्सा आपल्याच एका फंडाकडून दुसऱ्याकडे नेला, तेव्हा अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक संस्थेसारखे बाहेरचे मोठे गुंतवणूकदारही सोबत आले. बाहेरच्या कुणी किमतीवर शिक्का मारला असेल तर ते समजण्यासारखं आहे. तसं नसेल तर या खिशातून त्या खिशात, आणि मधे फी.

सेबीने 2020 पासून फंडांना कामगिरीची तुलना बाहेरच्या संस्थेकडून करून घेणं बंधनकारक केलंय. तो अहवाल माहितीपत्रकासोबत असायला हवा. रंगीत पुस्तिका बाजूला ठेवा, तो अहवाल मागून घ्या आणि आधीच्या योजनेचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा: गुंतवणूकदारांकडून आजवर किती घेतले, आणि त्यांना आजवर रोख किती दिले.